डीपीचं तेल आणि आक्काचे गुडघे

आमच्या चर्चच्या पाळकीणबाई म्हणाल्या, "शांतवनकाका, मंडळीच्या नाताळ अंकाला तुमच्या कामाचं काहीतरी लिहा." मी म्हटलं, चौथीतून शाळा सोडलेल्या माणसाला यात कशाला ओढता. त्या म्हणाल्या, "शुद्धलेखन मी बघते." मग मी अट घातली. ऱ्हस्वदीर्घ खुशाल बघा, पण माझा एक शब्द बदलायचा नाही. माझ्या लिहिण्यात कुणी हात घातलेला मला चालत नाही. माझ्या कामातही चालला नाही.

मी डीपी दुरुस्त करणारा मिस्त्री. सरकारी कागदावर तिला रोहित्र म्हणतात. पण आमच्या शेडमध्ये येऊन 'रोहित्र जळालं' असं म्हणणारा माणूस मी पाहिला नाही. 'मिस्त्री, डीपी गेली,' असंच म्हणत, घरातलं कुणी गेल्यासारखं तोंड करून.

लोकांना वाटतं, एवढी घुमते म्हणजे आत काहीतरी फिरत असणार. काही फिरत नाही. तारेच्या गुंडाळ्या असतात, त्यांना कागद लपेटलेला असतो आणि ते सगळं पत्र्याच्या टाकीत तेलात बुडवून ठेवलेलं असतं. एका अंगाने अकरा हजाराचा दाब आत येतो, दुसऱ्या अंगाने घराला सोसेल एवढा बाहेर पडतो. या देवघेवीत गुंडाळ्या तापतात. ती धग तेल उचलतं, वर चढतं, बाजूच्या नळ्यांतून उतरताना वाऱ्याने निवतं आणि परत खाली येतं. फिरतं ते फक्त तेल, आणि तेही आपापलं, पंपाशिवाय. तेलाचं दुसरं काम म्हणजे विजेला आतल्या आत उडी मारू न देणं. म्हणून त्यात पाण्याचा अंश चालत नाही, कचरा चालत नाही. तेल कमी झालं की वरच्या गुंडाळ्या उघड्या पडतात. मग डीपी काही दिवस कण्हते आणि एका दुपारी सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी फुटते.

नगरच्या एमआयडीसीत एका शेडमध्ये माझा जन्म गेला. आता पाटीवर अहिल्यानगर आहे, पण माझ्या तोंडात नगरच बसलंय. जळालेली डीपी टेम्पोतून यायची, सोबत गावातली चार माणसं. पाथर्डीकडच्या एका गावाचा आमच्यावर भरवसाच नव्हता. आम्ही तांबं काढून ॲल्युमिनियम भरू, ही त्यांना धास्ती. ते डीपीला टेकून बसायचे, तिथेच भाकरी सोडायचे. त्यातला एक माझ्या मागे उभा राहून गुंडाळीचे वेढे मोठ्याने मोजायला लागला. माझा आकडा चुकला. सगळी गुंडाळी उलगडून मी पहिल्यापासून सुरू केली आणि त्याला सांगितलं, "मोजायचं तर मनात मोज, न्हाईतर बाहेर जाऊन भिंतीच्या विटा मोज." जाताना तोच माणूस माझ्या पाया पडायला लागला. मी पाय मागे घेतले.

घाई मी कुणाचीच चालवून घेतली नाही. गुंडाळ्या भट्टीत सुकवायच्या म्हणजे सुकवायच्या. तेल भरल्यावर आतली हवा बुडबुड्यांनी वर येते, तिला वेळ द्यायचा म्हणजे द्यायचा. बुडबुडा राहिला तर वीज नेमकी तिथूनच उडी मारते. गावात पाणी नाही, पिठाची गिरणी बंद आहे, उद्या लग्न आहे, असं सगळं सांगून लोक रडायचे. शेठसुद्धा डोळे वटारायचे. मी ऐकत नसे. शेठ म्हणायचे, "शांतवन, तू मालक आहेस का मी?" मी म्हणायचो, "शेडचे तुम्ही, डीपीचा मी."

आणि एक जमात होती बाटलीवाल्यांची. म्हातारी माणसं पिशवीत रिकामी बाटली घेऊन यायची. "मिस्त्री, एवढं जुनं तेल द्या की. गुडघं लई धरल्यात." डीपीच्या तेलाने गुडघे मोकळे होतात, हे आमच्या भागात कुणी पसरवलं ते येशूला ठाऊक. मी सगळ्यांना हाकलायचो. "ते औषध न्हाई, इंजिनाच्या तेलाचं भावंड हाय." एक म्हातारी जाताना म्हणाली, "तुझं बी गुडघं धरतील तवा कळंल." धरले. मी लावलं नाही.

आता मुख्य सांगतो. गेल्या उन्हाळ्यातलं आहे.

माझी थोरली बहीण मार्थाआक्का पारनेर तालुक्यातल्या एका गावात दिलेली. गावाचं नाव लिहीत नाही, कारण गाव वाईट नाही. चुलीच्या धुराने आक्काची फुप्फुसं खाल्ली. आता तिच्या खाटेशी हवेतला प्राणवायू ओढून नळीने नाकात सोडणारं मशीन असतं. ते विजेवर चालतं. वीज गेली तर कोपऱ्यात एक छोटा सिलेंडर, पण तो थोडाच वेळ पुरतो. भाचा सुप्याच्या कंपनीत कामाला, घरी त्याची बायको सुनीता. तिची परीक्षा होती म्हणून मी चार दिवस आक्काजवळ राहायला गेलो.

एसटीतून उतरून दुपारच्या उन्हात चालत निघालो. डीपी गावाच्या तोंडालाच, दूध डेअरीशेजारी. तिच्याखालून जाताना माझे पाय थांबले. आवाज बरोबर नव्हता. नीट असलेली डीपी एका सुरात घुमते. ही मधेच घोगरी व्हायची, मधेच आतून करकरायची. मान वर करून तेलाची पातळी दाखवणारी काच बघितली. काचेत तेल नव्हतं.

या डीपीवरच आक्काचं मशीन.

गोरख वायरमनला फोन केला. पोरगा चांगला, लगेच आला. म्हणाला, "मामा, तक्रार दिलीय. दुसरी डीपी उद्या संध्याकाळशिवाय येत न्हाई." आक्काचा भाऊ म्हणून तिथे सगळं गाव मला मामा म्हणतं.

"उद्यापर्यंत ही टिकत न्हाई, गोरख."

"मंग आत्ता बंद करू?"

आता बघा कशी कोंडी होती ती. बंद केली तर डीपी वाचते, पण सिलेंडर संपल्यावर आक्काचं काय? चालू ठेवली तर फुटते, आणि मग उद्यापर्यंत काहीच नाही. मांडववाल्याचा जनरेटर वरातीबरोबर बाहेरगावी गेलेला. रुग्णवाहिकेला फोन लावला तर ती लांब अडकलेली. आणि आक्का म्हणजे माझीच बहीण. ती फोनवर म्हणाली, "मागल्या बारीला दवाखान्यात माझं लुगडं बदलून तो हिरवा झगा घातला. मी न्हाई जायची."

मी माझ्या जुन्या शेडवर फोन केला. शेठचा मुलगा आता बघतो. त्याला म्हटलं, "चांगल्या तेलाचे कॅन पाठव, गाळलेलं, सीलबंद." दुधाचा टेम्पो नगरला रिकामा होऊन संध्याकाळी परत येतो, त्यात टाकायचं ठरलं. तोवर डीपी जगवायची. म्हणजे तिच्यावरचा भार उतरवायचा. एकेक लाईन अलग करावी तर खालच्या पेटीतले फ्यूज केव्हाच गेलेले, कुणीतरी सरळ जाड तारा बांधून टाकलेल्या. बंद करायचं तर सगळं गाव बंद. म्हणून मी दारोदार निघालो.

गिरणीवाला सोपान पिठाने पांढरा होऊन उभा होता. त्याला म्हटलं, गिरणी थांबव. तो म्हणाला, "मामा, तुमी रिटायर झालाय ना? मंग डीपीला बी होऊ द्या की!" दोघं-तिघं हसले. पुढच्या घरातली बाई म्हणाली, "कूलर बंद करते, पन लेकरू उठलं तर तुमी येऊन वारा घालनार का?" मी म्हटलं, "घालतो." तिने दार लोटून घेतलं. कुणी बंद केलं, कुणी केल्यासारखं केलं. परत डीपीखाली येऊन कान लावला. करकर तशीच.

आणि माझ्या डोक्यात एकच घुमत होतं. तेल गेलं कुठे? चोराने काढलं असतं तर सगळं काढलं असतं. गळती असती तर टाकीवर काळा ओघळ दिसला असता. टाकी कोरडी होती. खालची तेल सोडायची चावी मात्र चकचकीत पुसलेली, देवघरातल्या समईसारखी. रस्त्याचा भराव टाकल्यापासून ती चावी लहान शिडीवर चढलं तरी हाताला येत होती.

आक्काकडे गेलो. मशीन घुर्रघुर्र करत होतं. सुनीता पुस्तक मिटून पायाशी बसली होती. आक्काच्या उशाशी खोकल्याच्या औषधाची एक बाटली होती. झाकण उघडलं आणि वास आला. हा वास आयुष्यभर माझ्या शर्टाला होता. माझी बायको जिवंत होती तोवर त्यावरून भांडत होती.

"आक्का, हे कुठलं?"

"गुडघ्याचं हाय."

"हे डीपीचं हाय."

"मंग? डीपीचंच असतं गुडघ्याला." दम घेऊन म्हणाली, "एवढी वर्सं तिथं काढलीस अन् तुला म्हाईत न्हाई व्हय?"

"दिलं कुणी?"

"काशिनाथतात्यांनी. समद्यांनाच देत्यात. पैसा घेत न्हाईत."

काशिनाथतात्या समोरच राहतात. एके काळचे पहिलवान, आता दोन्ही गुडघे धरलेले. कधीतरी त्यांनी डीपीची चावी उघडून बाटलीभर तेल काढलं, लावलं, बरं वाटलं. मग शेजारच्याला दिलं, त्याच्या सासूला दिलं. दर आठवड्याला थोडं थोडं. सगळं गाव डीपीचं तेल अंगाला चोळत होतं आणि डीपी वर कोरडी पडत होती.

मी आक्काला म्हटलं, "ह्या बाटलीतलं तेल तुझ्या मशीनचं हाय. ते संपलं की मशीन बंद." तिने बाटलीकडे बघितलं, मशीनकडे बघितलं. मग म्हणाली, "मंग नेऊन वत जा त्यात."

हे तिने म्हटलं, मी हसून उडवून लावलं नाही, आणि तिथेच चुकलं. सुनीताने ऐकलं, तिने शेजारणीला सांगितलं. बघता बघता गावात झालं की डीपीला तेल पाहिजे, ज्याच्या त्याच्या घरातलं परत आणा. मघाशी दार लोटणारी बाईच सगळ्यांत पुढे. खोकल्याच्या बाटल्या, दारूच्या चपट्या, लोणच्याची बरणी. डेअरीच्या ओट्यावर ओळ लागली. एकीत लसणाच्या पाकळ्या तरंगत होत्या. एकीत ओवा. एकीत कापूर, कारण नुसत्यापेक्षा कापराने आत मुरतं म्हणे. आणि तात्यांनी ते सगळं एका कॅनमध्ये ओतून घेतलं.

मी त्या वेळी गोरखला टेम्पोच्या वाटेवर पाठवून डेअरीत फोनवर होतो. बाहेर आलो तर शिडी डीपीला लावलेली. तात्या वरच्या पायरीवर, एका हातात कॅन, दुसरा हात तेल भरायच्या वरच्या छोट्या टाकीचं झाकण चाचपायला निघालेला. डीपी चालू.

अकरा हजाराच्या तारेला हात लागावा लागत नाही. जवळ गेलं तरी ती ओढून घेते. मी असे हात काळे झालेले पाहिलेत. ओरडलो असतो तर त्यांनी दचकून वरची तारच धरली असती. मी ओरडलो नाही. पळत गेलो, शिडी चढलो आणि हाताला लागलं ते धरलं. ते त्यांचं धोतर होतं.

"तात्या," मी हळू म्हटलं, "हात खाली घ्या. हळू. माझ्याकडं बघा."

"सोडा हो पाव्हनं! बंद करू देत न्हाई तुमी, म्हनून चालू असतानाच वततोय."

"तुमच्या धोतराला गाठ हाय, ती माझ्या हातात हाय. खाली या, न्हाईतर सगळ्या गावाम्होरं सोडतो."

ते खाली आले. धोतरासाठी आले, माझ्या सांगण्याने नाही. जमिनीला पाय लागल्यावर मी ओट्यावर बसून घेतलं. तात्या उभेच. म्हणाले, "माझ्यामुळं मार्थाबाईचा जीव जानार असंल तर मला वर मरू द्यायचं हुतं."

चहाच्या टपरीवर शेगडी होती. त्यात लोखंडी सळई लालबुंद तापवली, तात्यांच्या कॅनमधलं थोडं तेल वाटीत घेतलं आणि सळई बुडवली. तडतड तडतड, खमंग फोडणी बसली. लसणाचा वास सुटला. मी म्हटलं, "हे जे वाजतंय ते पाणी हाय. हे आत वाजलं असतं तर डीपी उडाली असती, तुमच्यासकट." सोपान गिरणीवाला बघत होता. या वेळी तो हसला नाही.

ऊन कलल्यावर टेम्पो आला. दुधाच्या कॅनांच्या बाजूला माझे तेलाचे कॅन, शेडचं सील लावलेले. सील असलं तरी मी सळई तापवून बुडवली. नुसता धूर निघाला. आवाज नाही. मग गोरखला सांगितलं, "बंद कर."

त्याने दांड्याने वरचा खटका ओढला आणि डीपी गप्प झाली. सगळं गाव गप्प झालं. सुनीताने फोनवर सांगितलं, "मामा, सिलेंडर लावला. पन काटा आधीच खाली हाय. बारीक गळत असनार."

गोरख वर चढला. मी खालून चाळणीचा कपडा, नरसाळं, कॅन देत राहिलो. घाईत एक थेंब सांडला तरी मी त्याला शिव्या देत होतो. काचेत तेल दिसायला लागलं, सोनेरी, पातळ. झाकण बसलं. गोरख म्हणाला, "मामा, लावू?"

"थांब. हवा निघू दे."

"आक्का..."

"म्हाईत हाय मला. थांब."

फोन कानाला तसाच होता. सिलेंडरची बारीक सूं ऐकू येत होती, आणि तिच्या मधे मधे आक्काचा श्वास. सुनीता म्हणाली, "काटा लालवर आला, मामा." वर गोरख टाकीवर कान टेकून बुडबुडे ऐकत होता आणि मला मानेने सांगत होता, अजून येतायत, अजून येतायत. मी जन्मभर लोकांना थांबवलं. कुणाची गिरणी थांबली, कुणाचं लग्न अंधारात लागलं. ज्यांना मी सांगितलं की तेलाला घाई चालत नाही, त्यांच्या घरातही कुणी असं खाटेवर होतं का, हे मी कधी विचारलं नव्हतं.

तेवढ्यात आक्काने फोन घेतला. आवाज तुटत होता. "शांत्या, घाई करू नगं. जळाली तर... मी तुला जिता सोडायची न्हाई."

"बोलू नको, आक्का."

"गप. तूच... बोलू नगं."

मग फक्त सूं. मग तीही बारीक होत गेली. आणि थांबली.

बुडबुडे पुरते निघाले होते का? मला माहीत नाही. गोरखकडे बघितलं नाही, कारण त्याची मान पाहिली असती तर मी परत थांब म्हटलं असतं. "खाली ये," म्हटलं. तो उतरला. "लाव." त्याने दांडा धरला, एकदा माझ्याकडे बघितलं आणि वर रेटला.

डीपीने एक हुंकार दिला. मी डोळे मिटले होते. मग घुमायला लागली, एका सुरात. कानाशी धरलेल्या फोनमध्ये पहिल्यांदा मशीनची घुर्रघुर्र आली. नंतर बराच वेळ काही नाही. मग खोकला. आक्काचा. एवढा गोड खोकला मी ऐकलेला नाही. सुनीता रडत होती म्हणून ती काय म्हणाली ते कळलं नाही.

पण माझी भीती गेली नव्हती. लाईट आली की गाव काय करतं ते मला माहीत आहे. सगळे कूलर, सगळे पंखे, गिरणी, टीव्ही, एकदम. ताज्या तेलावर, अर्धवट निघालेल्या हवेवर, सगळा भार एका झटक्यात. नवी डीपी उद्या येणार होती आणि आजची संध्याकाळ अजून पुरी जायची होती. गोरखला डीपीखाली बसवलं आणि मी परत दारोदार निघालो. गुडघे बोलत होते. पहिलंच दार त्या कूलरवाल्या बाईचं. आत अंधार. दिवेलागण झाली होती तरी दिवा नव्हता. उंबऱ्यावर बसून ती पुठ्ठ्याने लेकराला वारा घालत होती. मी तोंड उघडायच्या आधी म्हणाली,

"मामा, बंदच हाय. समद्यांचंच बंद हाय. तुमी जावा आक्कापाशी."

मी गल्लीत मागे-पुढे बघितलं. दारादारांत माणसं बसलेली, पुठ्ठे हलत होते. सोपानच्या गिरणीचा आवाज नव्हता. सगळ्या आळीत एकच खिडकी उजळलेली, आणि तिच्यातून त्या मशीनची घुर्रघुर्र बाहेर येत होती.

दुसऱ्या दाराला मी गेलो नाही.